आधी ते बूट माळ्यावरून खाली काढा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

दिवाळीत आमच्याकडे सगळा गोतावळा जमला होता. भाऊबीजेच्या रात्री जेवणं उरकल्यावर पोरांनी सिनेमाचा हट्ट धरला आणि मी 'ब्रेव्ह' लावला. स्कॉटलंडमधल्या एका बंडखोर राजकन्येची ॲनिमेशनमधली परीकथा, आई आणि लेकीची गोष्ट, एवढंच मला माहीत होतं. माझी लेक १३ वर्षांची आहे. तिच्या शेजारी बसून बघावा असं मनात होतं. सिनेमा इंग्रजीत, म्हणून जाऊबाई सासूबाईंना मधून मधून मराठीत सांगत होत्या.

संपल्यावर जे सुरू झालं ते रात्री एक वाजेपर्यंत चाललं. सासूबाई म्हणाल्या, "पोटच्या पोरीनं आईला मंतरलेलं खायला घातलं, आणि तिचंच कौतुक?" माझी नणंद पुण्यात कॉलेजात शिकवते. तिचं म्हणणं उलटंच, की यात बंड कुठे आहे, शेवटी मुलगी आईच्या कुशीतच आली. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणाला, "पिक्सारच्या मानानं फुसका आहे, मध्येच अस्वल आलं आणि गोष्ट भरकटली." दीर म्हणाले, "सगळे पुरुष येडे दाखवलेत." धाकटा सहा वर्षांचा, तो मोठ्या अस्वलाला घाबरून रडला, त्याचाही ठपका माझ्यावरच.

माझी लेक मात्र काही बोलली नाही. तिचे डोळे भरलेले मला दिसले होते. मी सहज म्हणाले, "बघितलंस ना? शेवटी आईची माफी मागावीच लागली." ती उठली आणि आत गेली. त्याला आता तीन आठवडे झाले. विचारलं तेवढंच उत्तर देते. ताटावर बसते, मान खाली घालून जेवते, उठते.

थोडं आमच्याबद्दल सांगते. मी लहानपणी कथक शिकायचे. 'प्रवेशिका पूर्ण' झाले आणि नंतर लग्न ठरलं म्हणून सुटलं. लेकीला सहाव्या वर्षी क्लासला घातलं. या मे महिन्यात 'मध्यमा प्रथम'च्या परीक्षेला ती बसलीच नाही, त्याच दिवशी शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळत होती. तेव्हा तिचे स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, मी माळ्यावर टाकले. असो.

मला एवढंच सांगा, या सगळ्यांत बरोबर कोण? आणि हा सिनेमा मुलीला दाखवण्यात माझं चुकलं का?

— एक आई, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे मनावरचं ओझं कमी होईल. सिनेमा दाखवण्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. धाकट्याला मॉरडू नावाच्या त्या अस्वलाची भीती वाटली, ती मोठ्यांनाही वाटते. पुढच्या वेळी त्याला मांडीवर घेऊन बसा, बस्स.

आता बरोबर कोण ते. तुमच्या दिवाणखान्यात जे झालं, तेच २०१२च्या जूनमध्ये हा सिनेमा अमेरिकेत लागला तेव्हा जगभर झालं होतं. पिक्सार या अमेरिकन ॲनिमेशन स्टुडिओचा हा तेरावा मोठा चित्रपट, आणि मुलगी मुख्य भूमिकेत असलेला पहिला. आधीच्या बारांमध्ये खेळणी झाली, मासे झाले, गाड्या झाल्या, उंदीर झाला, पण मध्यभागी मुलगी नव्हती. त्यामुळे या एकट्या पोरीच्या खांद्यावर सगळ्यांनी आपापल्या अपेक्षा लादल्या. कुणाला चित्रं अप्रतिम वाटली आणि गोष्ट साधी वाटली. कुणाला राजपुत्राशिवाय संपणारी परीकथा बघून हायसं वाटलं, तर कुणाला तीच गोष्ट जुन्या वळणाची वाटली. समीक्षक कुरकुरले, तरी जगभरात त्याने ५० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली आणि २०१३च्या फेब्रुवारीत सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्करही मिळवलं. तेव्हा तुमच्या घरात एकमत झालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

पुतण्याचं मी मनावर घेते, कारण त्याला जे जाणवलं त्याला खरंच कारण आहे. ही गोष्ट ब्रेंडा चॅपमन या दिग्दर्शिकेची. मोठ्या अमेरिकन स्टुडिओचा ॲनिमेशनपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री म्हणून १९९८ सालीच तिचं नाव झालं होतं, आणि पिक्सारमध्ये दिग्दर्शनाची जबाबदारी मिळालेली पहिली बाई तीच. घरात स्वतःची लेक मोठी होत होती, हट्टी, ऐकून न घेणारी. तिच्याशी रोज होणाऱ्या खटक्यांतून ही गोष्ट सुचली. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये, सिनेमा अर्ध्यावर असताना, चॅपमनला काढून तिच्या जागी मार्क अँड्र्यूज यांना आणलं गेलं. आपल्याच लेकीवरून सुचलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती जाताना बघणं किती यातनेचं होतं, हे तिने नंतर उघडपणे लिहिलं. आणि तरीही शेवटी पडद्यावर आपलीच दृष्टी उतरली, असंही त्याच लेखात म्हटलं. ऑस्कर घ्यायला दोघं एकत्र मंचावर गेले. अँड्र्यूज स्कॉटिश घागरा, म्हणजे किल्ट, घालून आले होते. चॅपमनने तिथून आपल्या लेकीचे आभार मानले.

दोन हातांतून गेलेल्या कामात सांधा दिसतो, तो पुतण्याला दिसला. कधी धांगडधिंगा आणि कधी एकदम गंभीर, असं होतं खरं. पण अस्वलामुळे गोष्ट भरकटली हे मला पटत नाही. चॅपमनने या सिनेमाला आधी जे नाव दिलं होतं, त्यातच अस्वल आणि धनुष्य हे दोन शब्द होते. अस्वल म्हणजे मंत्राने अस्वल झालेली आई, धनुष्य म्हणजे लेक. सगळी गोष्ट त्या दोघींच्या मधली आहे.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. राजकन्या मेरिडाचा बाप राजा फर्गस आणि तिच्या लग्नासाठी आपापली मुलं घेऊन आलेले ते तीन सरदार भांडणं आणि खाणंपिणं याच्या पलीकडे फारसे जात नाहीत. ते बघताना मलाही खटकलं. त्यात मॅकगफिन सरदाराचा तो धिप्पाड मुलगा बोलतो तेव्हा कुणालाच काही कळत नाही, आणि त्यावर हशा होतो. तो बडबडत नाही हो, ती डोरिक बोली आहे, स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली. त्याला आवाज देणारा नट केव्हिन मॅककिड त्याच भागातला. म्हणजे आपल्याकडे पुण्यामुंबईच्या घोळक्यात एखाद्याने अस्सल अहिराणीत बोलावं आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघावं, तसं ते आहे. बोली खरी आणली याचा आनंद होतो आणि ती हसण्यावारी नेली याचं वाईट वाटतं. मात्र दिरांना एक आठवण करून द्या. शेवटी भर दरबारात सरदारांची ही तिन्ही पोरंच म्हणतात की आम्हालाही आमचं आम्हाला ठरवू द्या. त्यातलं सगळ्यात किडकिडीत पोरगं तर बापाला तोंडावर सांगतं की हिला मी निवडलंच नव्हतं, ही तुमची हौस. बापाच्या हौशीखाली मुलगेही दबलेले असतात, हे सिनेमा दोन वाक्यांत सांगून जातो.

नणंदेशी मला थोडं भांडायचं आहे. बंड म्हणजे घर सोडून निघून जाणं, एवढंच असतं का? मेरिडाचा स्वयंवराचा प्रसंग आठवा. तीन घराण्यांचे ज्येष्ठ पुत्र तिच्यासाठी स्पर्धा करणार, आणि स्पर्धा कुठली ते तिने ठरवायचं. ती धनुर्विद्या निवडते. मग स्वतःच मैदानात उतरून सांगते की मीही माझ्या घराण्याचं पहिलं अपत्य आहे, माझ्या हातासाठी मीच बाण सोडणार. अंगातला राजवस्त्राचा झगा इतका घट्ट की धनुष्य ओढता येत नाही, तेव्हा ती खांद्याची आणि पाठीची शिवण टराटरा उसवते आणि नेम धरते. शेवटचा बाण डिंगवॉल सरदाराच्या मुलाच्या बाणाला उभा चिरत जातो. नियम मोडला नाही, नियमाच्याच शब्दांत नियमाला अडकवलं. कायद्याचा अभ्यास केलेल्या माणसाला हे बंड लगेच कळेल.

आणि हे बंड पुढे कुणाला तरी खुपलंच. सिनेमात तिचे ते लालभडक कुरळे केस आहेत ना, त्यांच्यासाठी पिक्सारच्या लोकांनी नवी संगणकप्रणाली लिहिली. सुमारे १,५०० बटा एकेक करून बसवल्या, त्यांतून लाखाच्या वर केस तयार झाले, आणि ते प्रत्येक उडीबरोबर वेगळे हलावेत म्हणून वर्षांवर वर्षं घालवली. मग २०१३च्या मे महिन्यात डिस्नेने तिला आपल्या अधिकृत राजकन्यांच्या रांगेत घेतलं आणि त्यासाठी तिचं नवं चित्र काढलं. कंबर बारीक, गळा खाली उतरलेला, बटा विंचरून चोपून बसवलेल्या, आणि हातातलं धनुष्य गायब. चॅपमन संतापली. आईबापांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, दोन लाखांहून जास्त. नणंदबाईंना हे जरूर सांगा. ज्या मुलीत बंडच नाही, तिच्या हातातलं धनुष्य काढून घ्यायची गरज कुणाला पडली नसती.

त्यांचा एक आक्षेप मात्र मला मोलाचा वाटतो. तुमच्या पत्रात तो नाही, पण त्यांच्या बोलण्याच्या मुळाशी असावा. मुलगी शूर दाखवायची तर तिच्या हातात सुई नको, धनुष्यच हवं, असा या सिनेमाचा समज आहे की काय? सुरुवातीला तसंच वाटतं. पण पुढे बघा. आई आणि लेक यांचं भांडण होतं तेव्हा राणीने विणलेल्या कुटुंबाच्या त्या भिंतीवरच्या पडद्यावर मेरिडा तलवार चालवते. नेमकी आपल्या आणि आईच्या चित्राच्या मधोमध चीर पाडते. शेवटी तीच मुलगी, पहाट होण्याआधी पोचायचं म्हणून घोडा चौखूर उधळलेला असताना, त्याच्या पाठीवर बसून तो पडदा शिवते. ज्या सुईदोऱ्याचा तिला वीट होता, तोच शेवटी कामी येतो. मला तो टाका धनुष्याइतकाच शूर वाटतो.

आता सासूबाई. तुमच्या घरात सिनेमा सगळ्यात नीट त्यांनी पाहिला, तोही दुसऱ्याच्या तोंडून ऐकत ऐकत. पोरीने आईला मंतरलेलं खायला घातलं, हे खरंच आहे. गळ्यातला दागिना देऊन तिने एका म्हाताऱ्या चेटकिणीकडून ती मिठाई मिळवली, आईने बदलावं म्हणून. आई अस्वल झाल्यावरही ही किती वेळ म्हणत राहते की माझी चूक नाही, त्या म्हातारीने चुकीचा मंत्र दिला. सासूबाईंनी ते पकडलं. त्यांना हेही सांगा की सिनेमाही मेरिडाला सोडत नाही. पडदा शिवून आईच्या अंगावर घातला तरी काही होत नाही. उभ्या शिळांच्या त्या रिंगणात सूर्य वर येत असतो, आणि पोरगी अस्वलाच्या केसाळ अंगाला मिठी मारून रडते, सगळं माझ्यामुळे झालं, मला तू परत हवीस म्हणते. जादू सुटते ती तिथे.

म्हणजे तुम्ही लेकीला जे म्हणालात, ते खोटं नव्हतं. माफी मागावी लागली, आणि तिने ती मागितलीही.

पण तुम्ही अर्धाच सिनेमा सांगितलात.

त्या शिळांपाशी पोचायच्या आधी राजवाड्यात काय होतं ते आठवतंय? सरदार तलवारी उपसून बसलेत. मेरिडा त्यांना शांत करायला मध्ये उभी राहते, आणि बोलता बोलता मान्य करायला लागते की ठीक आहे, परंपरेप्रमाणे मी लग्न करते. म्हणजे आईला जे हवं होतं तेच. आणि त्याच क्षणी मागे, शिकारीत मारलेल्या जनावरांच्या रांगेत, पेंढा भरलेल्या अस्वलासारखी निश्चल उभी असलेली आई हात हलवायला लागते. नको म्हणते. तिला बोलता येत नाही, ती खाणाखुणा करते, लेक त्या खुणा वाचते आणि मोठ्याने बोलते, की ही रीत मोडूया, मुलांना त्यांच्या मनाप्रमाणे ठरवू द्या. लेकीच्या तोंडून आई आपलाच हुकूम मागे घेते. मुलगी हरायला तयार असताना आईने तिला हरू दिलं नाही. या सिनेमावर कितीही मतं पडोत, या एका दृश्यासाठी मी तो कुणालाही दाखवीन.

तुमच्या लेकीने ते दृश्य पाहिलं. तिचे डोळे कुठे भरले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं तिथेच भरले असावेत. आणि दिवा लागल्यावर, सगळ्या नातेवाइकांच्या देखत, आईच्या तोंडून तिने ऐकलं ते मुलीने मागितलेल्या माफीचं. सिनेमातली आई तिच्या बाजूने उभी राहिली आणि शेजारी बसलेली आई राहिली नाही. ती उठून आत गेली यात मला उद्धटपणा दिसत नाही. तिला तिथे सर्वांसमोर रडायचं नव्हतं.

आता त्या बुटांकडे येते. दोन पानी पत्रात सासूबाईंना, नणंदेला, पुतण्याला, दिरांना तुम्ही भरपूर जागा दिलीत. स्टड माळ्यावर टाकल्याला एक ओळ, आणि पुढे 'असो'. तुमचं सगळं पत्र मला त्या 'असो'मध्ये दिसलं.

पडदा फाडल्यावर राणी काय करते? मेरिडाच्या हातातलं धनुष्य हिसकावते आणि चुलीत फेकते. लहानपणी वाढदिवसाला बापाने धनुष्य दिलं, तेव्हापासूनचा तिचा तो जीव की प्राण. मुलगी रडत पळून जाते, आणि दुसऱ्याच क्षणी राणी जळतं धनुष्य विस्तवातून ओढून काढते, हे मी काय केलं म्हणून तिथेच जमिनीवर बसून रडते. मेरिडाने ते पाहिलंच नाही. तिच्या लेखी आईने धनुष्य जाळलं, एवढंच राहिलं. तुम्हालाही त्या रात्री वाईट वाटलं असणार, माळ्याकडे बघून पुढे कितीदा वाटलं असणार. नाहीतर ते पत्रात आलंच नसतं. पण लेकीला ते माहीत नाही. तिच्या लेखी सहा महिने बूट माळ्यावर आहेत. आणि कोल्हापुरात, जिथे पेठेपेठेत फुटबॉलची चर्चा चालते, मोसमात शाहू स्टेडियमवरून परतणाऱ्या पोरांचा गलका घराघरांत ऐकू येतो, तिथे ती तो गलका ऐकत घरात बसली आहे.

आणखी एक दृश्य सांगते, कारण ते तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. स्वयंवराच्या आधी मेरिडा तबेल्यात शेण काढत आपल्या घोड्याला सांगत असते, की आईला मला असं असं म्हणायचंय. त्याच वेळी राणी वर पडदा विणत बसलेली, आणि राजा म्हणतो, मी मेरिडा आहे असं समज आणि बोल. दोघींचं बोलणं आलटून पालटून ऐकू येतं, अगदी समोरासमोर बसून बोलल्यासारखं, प्रश्नाला उत्तर जुळतंय. आणि दोघी वेगवेगळ्या खोल्यांत. त्यात राणी एक वाक्य बोलते, की माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्याही मनात शंका होत्या. ते वाक्य नवऱ्याने ऐकलं. लेकीच्या कानावर ते कधीच गेलं नाही. गेलं असतं तर पुढची निम्मी गोष्ट घडलीच नसती, असं मला दर वेळी वाटतं.

तुमचं लग्न ठरलं म्हणून कथक सुटलं, हे तुम्ही मला लिहिलंत. लेकीला कधी सांगितलंय? घुंगरू कुठे ठेवलेत, शेवटचा कार्यक्रम कुठे झाला, क्लासला जायचं बंद झालं त्या संध्याकाळी काय केलंत? 'मी शिकायचे' एवढं तिला माहीत असेल. सुटल्याचं काय दुखलं ते माहीत नसेल. ते तिला सांगा, पण वेगळ्या दिवशी सांगा आणि बुटांशी त्याची सांगड घालू नका. नाहीतर तिला वाटेल की आईचं राहून गेलेलं मी फेडायचं आहे. आत्ताही तिला तसं वाटत असण्याची शक्यता आहे, आणि थोडं तुम्हालाही वाटत असेल.

म्हणून आधी एवढं करा. शिडी लावा आणि ते बूट खाली काढा. दुसऱ्या कुणाला सांगू नका, स्वतः काढा. जुन्या ब्रशने तळाची वाळलेली माती काढा, ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. मग तिच्या खोलीत गुपचूप ठेवून मोकळ्या होऊ नका. तसं केलं तर तिला ती दयेची भीक वाटेल, किंवा आई बोलायला घाबरते असं वाटेल. हातात घेऊन जा. घरात बाकी कुणी नसेल अशी वेळ बघा, भाऊबीजेला जे चारचौघांत झालं ते आता दोघींतच निस्तरायचं आहे. आणि साधं सांगा: "हे मी रागाच्या भरात माळ्यावर टाकले. टाकायला नको होते. माझं चुकलं." वाक्य तिथे थांबवा. 'पण तूही परीक्षेला...' हे शब्द जिभेवर येतील. येऊ दे, गिळा. ज्या माफीच्या पुढे 'पण' येतो, तिच्यातलं मुलांना फक्त 'पण'च्या पुढचं ऐकू येतं.

ती काहीच बोलली नाही तर? बहुतेक बोलणार नाहीच. कदाचित 'हं' म्हणेल, कदाचित बूट घेऊन तोंड फिरवेल. त्याने खट्टू होऊ नका, आणि 'मी एवढं केलं तरी' असं तर मुळीच म्हणू नका. सहा महिन्यांचा राग एका दुपारी उतरत नाही. तुम्ही तुमचं बोलून बाहेर या आणि रात्री तिला आवडतं ते जेवायला करा. त्यातही विशेष काही केल्यासारखं दाखवू नका.

परीक्षेचं बोलायचंच नाही का? बोलायचं, नक्की बोलायचं. परीक्षेचा फॉर्म भरून, घरात न सांगता मैदानावर जाणं योग्य नव्हतं, आणि हे तिला कळायला हवं. सात वर्षं ज्यांनी शिकवलं त्या गुरूंना तिने स्वतः जाऊन सांगायला हवं होतं, ते अजूनही सांगू शकते. पण ते बोलणं आठ-पंधरा दिवसांनी, आणि त्याची सुरुवात प्रश्नाने करा. कथकचा नेमका कशाचा कंटाळा आला, ते विचारा. नाचाचा, परीक्षेचा, त्या मेकअपचा, की आई दारात उभी राहून तोडे मोजते त्याचा? ही चारही वेगवेगळी उत्तरं आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. नाचाचाच कंटाळा आला असेल तर सोडू द्या. परीक्षेचाच असेल तर परीक्षा न देताही नाचता येतं. आणि तुम्ही दारात उभ्या राहता याचा असेल, तर ते ऐकायला तुम्हाला मन घट्ट करावं लागेल, पण ते उत्तर तिने दिलं तर ती तुमच्यावर विश्वास ठेवतेय असं समजा.

सिनेमाचा विषय तुम्ही होऊन काढू नका. तो आता त्या रात्रीच्या वाक्यामुळे खराब झालाय, थोडे दिवस बाजूला राहू दे. तिने काढला तर फक्त ऐका. कुठे रडू आलं असं तिने सांगितलं, तर 'मलाही' म्हणा, जर खरोखर आलं असेल तर. कधी दोघींनी मिळून पुन्हा पाहिलात, तर नदीतल्या मासे पकडण्याच्या प्रसंगाकडे लक्ष द्या. अस्वल झालेली राणी आधी लाकडाच्या तुकड्यांचे काटेचमचे करून, डोक्यावर मुकुट चढवून, विषारी फळांची न्याहारी मांडते. आयुष्यभर जे तिला येत होतं, त्यातलं जंगलात काहीच उपयोगी नाही. मग लेक धनुष्याने मासा मारते, भाजून देते, आणि पाण्यात उतरून आईला मासे धरायला शिकवते. पूर्ण दृश्यात आई एक शब्दही बोलत नाही, बोलूच शकत नाही, आणि त्या दोघी कितीतरी वर्षांनी एकत्र हसतात. तुमच्या लेकीकडे तुम्हाला शिकवण्यासारखं काय आहे? ऑफसाइड म्हणजे काय, हे तिला एकदा विचारा. खरंच समजून घ्यायचं असेल तरच विचारा.

एक गोष्ट राहिली. १३व्या वर्षी पाय भराभर वाढतो, आणि ते बूट मे महिन्यापासून माळ्यावर आहेत. आता ते तिला होणार नाहीत, अशीच शक्यता जास्त. म्हणून देताना 'घालून बघ' म्हणू नका, ते घट्ट बसले तर त्या सहा महिन्यांचं माप तिच्या पायालाच कळेल. आधी माफी मागा, बूट तिच्या हाती द्या. मग येत्या रविवारी तिला घेऊन दुकानात जा. ती सांगेल तो जोड घ्या, आणि दुकानदार माप घेत असताना तिने विचारल्याशिवाय तुम्ही बोलू नका. जुने ठेवायचे की कुणा धाकट्या मुलीला द्यायचे, ते तिचं तिला ठरवू द्या.